स्टिअरिंगमध्ये चार बोटं खेळ : बॉक्सचा स्क्रू आवळू का?

रानवाट (धागाकर्ता)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

गाडी जुनी फोर बाय फोर. पुढे-मागे सॉलिड ॲक्सल, चारही कोपऱ्यांना कॉइल स्प्रिंग. पॉवर स्टिअरिंग आहे, पण रॅक नाही, जुन्या पद्धतीचा बॉक्स (स्टिअरिंगचा गिअरबॉक्स) आहे. दोन वर्षांपूर्वी गाडी ५० मिमी उचलली आणि टायर एक माप मोठे घातले. तेव्हा सगळं ठीक होतं. गेल्या पाच-सहा महिन्यांत मात्र असं झालंय की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग चार बोटं इकडून तिकडे फिरवलं तरी गाडीला पत्ताच नसतो. ताशी ६० च्या पुढे गेलं की होडी वल्हवल्यासारखं डावं-उजवं करत बसायचं. चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर तर मी गाडी चालवत नाही, गाडीच मला चालवते. खड्ड्यात चाक गेलं की पायाखालून 'टक्' असा एकच आवाज येतो. ७५ च्या आसपास स्टिअरिंग हातात थरथरतं, पण तेही रोज नाही.

आतापर्यंत स्टिअरिंग डॅम्पर (झटके गिळणारा शॉक) नवा टाकला (आठवडाभर बरं वाटलं), अलाइनमेंट दोनदा करून झालं. आता ज्यांना गाडी दाखवली ते म्हणतात की बॉक्स ढिला झालाय, वरचा स्क्रू अर्धा फेरा आवळला की काम झालं. आवळू का?

तिसरा गिअर

बिनधास्त आवळा. मी माझ्या गाडीचा मागच्या वर्षी आवळला, खेळ गायब. पाच मिनिटांचं काम. लॉकनट ढिला करा, स्क्रू अर्धा फेरा आत, लॉकनट परत घट्ट. उगाच पार्ट बदलत बसू नका.

सायलेन्सर

रिमच्या आतला चिखल काढलाय का?

रानवाट

@सायलेन्सर, चिखलाचा आणि स्टिअरिंगच्या खेळाचा काय संबंध? :)

नटबोल्ट

स्क्रूला हात लावू नका. निदान आज तरी नको.

बॉक्सचा स्क्रू बिचारा वरून दिसतो, एका पान्यात हाती लागतो, म्हणून जो तो तिथेच जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चाकापासून तुमच्या हातापर्यंत डझनभर सांधे आहेत आणि त्यातला कुठलाही ढिला झाला तरी हाताला एकच कळतं : 'खेळ आहे'. कुठे आहे ते हाताला कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

बघायची पद्धत अशी. गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी. जॅक लावायचा नाही. चाकं हवेत लोंबकळली की फिरायला काही जोरच लागत नाही, मग ढिला सांधाही गुपचूप बसतो. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकांना पुढून-मागून ठोकळे. एक माणूस आत, इंजिन चालू. पॉवर स्टिअरिंगला इंजिन बंद ठेवून तपासू नका, कारण बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये एक टॉर्शन बार असतो, तो पिळला जातो आणि नसलेला खेळ दिसतो. आतल्या माणसाने स्टिअरिंग घड्याळातल्या अकरा ते एक एवढंच झुलवायचं, थांबायचं नाही. तुम्ही खाली आडवे पडून एकेका सांध्याकडे बघायचं. एका सांध्याकडे किमान दहा झोके. एक बाजू हलल्याबरोबर दुसरी हलली पाहिजे. मधे क्षणभरही उशीर झाला तर चोर तिथे.

क्रम असा ठेवा : बॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट आणि त्यावरचे युनिव्हर्सल जॉइंट, बॉक्स चॅसीवर बसतो ते बोल्ट, पिटमन आर्म (बॉक्सच्या शाफ्टवर बसलेला, फिरणारा), ड्रॅग लिंकची (पिटमनपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक बार (ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून त्याला चॅसीशी बांधणारा आडवा दांडा). नजरेला कळलं नाही तर सांध्यावर तळहात ठेवा, टकटक हाताला जाणवते. बोटं ब्रॅकेट आणि दांड्याच्या मधे घालू नका, पॉवर स्टिअरिंगला दयामाया नसते.

एक हिशोब सांगतो म्हणजे किती बारीक बघायचंय ते कळेल. समजा बॉक्सचं गुणोत्तर १६ ला १ आहे आणि पिटमन आर्म १५० मिमी लांब. आर्मच्या टोकाला फक्त १ मिमी ढिलाई असली तर आर्म साधारण ०.४ अंश फुकट फिरतो. त्याचे सोळापट म्हणजे स्टिअरिंगला सहा अंश. स्टिअरिंगचा व्यास ३८० मिमी धरला तर कडेला ते २० मिमी भरतात. खाली एक मिमी, वर दोन सेंटिमीटर! तुमची चार बोटं म्हणजे सत्तरेक मिमी. त्यासाठी खाली सगळी मिळून साडेतीन मिमी ढिलाई पुरते. दांडा लडबडताना दिसेल अशी अपेक्षा ठेवून खाली गेलात तर रिकाम्या हातांनी वर याल.

बॉक्सच्या वरच्या शाफ्टमधल्या खेळाला ही सोळापट लागत नाही. तिथली ढिलाई जेवढी, तेवढीच वर दिसते. म्हणून पैजच लावायची तर मी बॉक्सच्या खालच्या बाजूवर लावीन.

धुरळा

नटबोल्टकाकांना +१.

बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट नुसते पान्याने तपासू नका, त्यांच्या भोवतीचा पत्रा तारेच्या ब्रशने घासून बघा. माझ्या गाडीत बोल्ट कडक होते, पण एका बोल्टच्या भोकापासून केसाएवढी चीर गेली होती. आधी फक्त गंजाचा तांबूस ओघळ दिसत होता. स्टिअरिंग वळवलं की अख्खा बॉक्स चॅसीसकट श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे व्हायचा. मोठे टायर घातले की तिथला ताण वाढतोच. पुढे चीर वेल्ड करून वर पट्टी मारून घेतली.

रानवाट

धन्यवाद काका, ताई. रविवारी बसतो. काका, मला अहोजाहो करू नका हो, मी बराच लहान आहे.

रानवाट

कबुली द्यायची आहे. रविवारपर्यंत धीर निघाला नाही. तिसरा गिअर यांनी सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी स्क्रू अर्धा फेरा आवळला.

खेळ थोडा कमी झाला, चार बोटांचा तीन बोटं. पण आता वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. जिथे सोडू तिथेच राहतं. मध्यावर आलं की काहीतरी अडल्यासारखं लागतं. रस्त्यावर आधीपेक्षा भीती जास्त वाटते.

नटबोल्ट

अरे देवा. बरं, आता 'तू'च म्हणतो, म्हणजे रागावता येईल.

अर्धा फेरा आवळलास ना? मोजून तेवढाच उलटा घे आणि लॉकनट बसव. मुळात कुठे होता त्याची खूण केली होतीस का? नसणार. रंगाचा एक ठिपका दिला असतास तर आज प्रश्न नव्हता.

झालं काय ते समजून घे. त्या बॉक्समध्ये वर्म (आट्यांचा दांडा), त्यावर गोळ्यांवर सरकणारा नट, आणि नटाच्या दात्यांत अडकलेला सेक्टर शाफ्ट (पिटमन आर्म ज्यावर बसतो तो) असतो. तुझा स्क्रू सेक्टरला नटाकडे ढकलतो. हे दाते मुद्दाम असे केलेले असतात की चाकं सरळ असताना दात्यांची पकड सर्वांत घट्ट आणि दोन्ही बाजूंना वळवलं की थोडी सैल. म्हणजे स्क्रूचं मोजमाप फक्त बरोब्बर मध्यावर करायचं. चाक जरा तिरकं असताना आवळलंस की तिथे छान वाटतं आणि मध्यावर आल्यावर दाते एकमेकांना दाबून धरतात. चाकं सरळ आणणारा जोर कॅस्टरमधून (चाक ज्या खुंटीवर, म्हणजे किंगपिनवर, वळतं तिच्या मागे झुकण्यातून) येतो, तो ह्या घर्षणापुढे हरतो. असंच चालवत राहिलास तर वर्मवर गोळ्यांचे खळगे पडतील, मग स्क्रू कुठेही ठेव, बॉक्स बदलावाच लागेल.

शिवाय तू उचललेल्या गाडीत कॅस्टर आधीच कमी झालेला असणार. गाडी वर गेली की पुढचा ॲक्सल आर्मवरून फिरतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कोन उभा होत जातो. दोनदा अलाइनमेंट केलंस तेव्हा कागदावर कॅस्टरचा आकडा आला होता का? की फक्त टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बघून गाडी परत दिली?

रानवाट

फक्त टो. :( स्क्रू उलटा घेतला, स्टिअरिंग परत मोकळं झालं. रविवारपर्यंत गाडी हलवत नाही.

तिसरा गिअर

आता खरं सांगायचं तर वळणानंतर माझंही स्टिअरिंग हाताने सरळ आणावं लागतं. मी वर्षभर टायरला दोष देतोय. बघतो.

नटबोल्ट

बघाच.

रानवाट

रविवारचा अहवाल. भाऊ आत, मी खाली. पाठ गेली, पण चोर सापडला. चोर दोन आहेत.

वरचा शाफ्ट आणि त्याचे जॉइंट चोख. बॉक्सचे बोल्ट कडक, ताईंनी सांगितलं तसं घासूनही बघितलं, चीर नाही. पिटमन आर्म सेक्टर शाफ्टवर घट्ट. ड्रॅग लिंकचं पिटमनकडचं टोक मात्र प्रत्येक झोक्याला आधी वर उचलतं आणि मग बाजूला जातं. रबराचं बूट फाटलेलं, आत ग्रीसऐवजी राखाडी चिखल. अर्धा मिमी असेल. टाय रॉडची दोन्ही टोकं ठीक.

आणि मग ट्रॅक बार. चॅसीकडच्या टोकाला बोल्टचं डोकं स्थिर, पण दांड्याचं टोक ब्रॅकेटमध्ये डावीकडे-उजवीकडे सरकतंय! चाकं वळायच्या आधी अख्खा ॲक्सलच दोनेक मिमी बाजूला जातो आणि मग चाकं वळतात. बोल्ट काढला तर भोक गोल राहिलेलंच नाही, अंड्यासारखं झालंय. ती 'टक्' इथलीच. तळहात ठेवल्यावर अगदी तोच आवाज हाताला लागला.

काका, तुमचा हिशोब लावला. दोन मिमीचे ४०, अर्ध्याचे १०. पन्नास मिमी इथेच गेले. भोकासाठी नुसता बोल्ट कचकचून आवळला तर चालेल का?

नटबोल्ट

शाब्बास. भावालाही माझ्यातर्फे शाबासकी, झोके देणाऱ्याचं काम कंटाळवाणं असतं.

नाही, चालणार नाही. तो बोल्ट खुंटीसारखा दांडा अडवून धरत नाही. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटचे दोन पत्रे बुशच्या (सांध्यातल्या रबरी अस्तराच्या) आतल्या नळीला चिमटीत धरतात, सगळा भार त्या चिमटीतल्या घर्षणावर असतो. बोल्ट एकदा सैल झाला की नळी सरकायला लागते आणि भोक कुरतडत जाते. अंडाकृती भोकात नवा बोल्ट आवळशील, पहिल्या दगडाळ उतारावर तो परत सरकेल. गाडी उचलली तेव्हा हाच बोल्ट काढून लावलेला असणार, आणि बहुतेक गाडी जॅकवर असताना आवळला असणार.

दुरुस्तीचे दोन रस्ते. भोक पुढच्या मापाला गोल करून जाड बोल्ट घालायचा, पण मग बुशची नळीही त्या मापाची हवी. नाहीतर ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना नेमक्या भोकाच्या जाड पट्ट्या वेल्ड करायच्या. मला दुसरा आवडतो. वेल्डिंगच्या आधी बुश बाहेर काढ, रबर जळतं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोड. पट्ट्या ठोकण्याआधी बोल्ट आणि नळी घालून जागा धरून घे, नाहीतर भोक सुंदर आणि जागा चुकलेली, असं होतं.

आणि शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. रबरी बुश हवेत लोंबकळताना आवळलंस तर गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

ड्रॅग लिंकचं टोक बदलताना स्टडच्या आट्यांवर हातोडा मारू नकोस. नट दोन फेरे सैल ठेवून आर्मच्या डोळ्याच्या बाजूला एक जोरदार फटका, टेपर आपोआप सुटतो. जुनं टोक काढताना किती फेरे निघाले ते मोज आणि नवं तेवढेच फेरे बसव. तरी स्टिअरिंग मध्यावर येईलच असं नाही, ते ड्रॅग लिंकची लांबी बदलून आण. स्टिअरिंग व्हील उपटून सरळ बसवायचा शहाणपणा करू नकोस, बॉक्सचा मध्य चुकेल. कॅसल नटाची खाच स्प्लिट पिनच्या भोकासमोर आली नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आवळायचं, मागे कधीच घ्यायचं नाही. लोक मागे घेतात, आणि मग सहा महिन्यांनी धागे काढतात. (हलकं घ्या.)

धुरळा

गाडीखाली शिरलाच आहेस तर चाकांचे बेअरिंगही बघून घे. ह्यासाठी मात्र जॅक लागतो, खाली स्टँड लावूनच. चाक वर-खाली बारा आणि सहावर धरून हलवायचं. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग ढिलं, तरीही हललं तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. ब्रेकमुळे हब आणि नकल (हब ज्यावर बसतो तो वळणारा भाग) एक होतात, म्हणून उरलेला खेळ नकलच्या मागचाच असतो. मला ही युक्ती कळायच्या आधी मी चांगली बेअरिंगं फेकून दिली होती.

रानवाट

ताई, भारी युक्ती. डावीकडे किंचित हलत होतं, ब्रेक दाबल्यावर थांबलं. बेअरिंग परत सेट केलं, ग्रीसही भरलं.

रानवाट

पंधरवड्याने परत. पट्ट्या वेल्ड झाल्या, ट्रॅक बारला नवीन बुश आणि नवीन बोल्ट, ड्रॅग लिंकचं टोक नवं. कॅस्टर मोजून घेतला, मूळ आकड्यापेक्षा दोन अंशांनी कमी निघाला. आर्मला त्यासाठीचे बुश लावून बहुतेक भरून काढला. बोल्टांवर रंगाच्या रेघा मारल्यात, शंभर किलोमीटरनंतर परत टॉर्क तपासला, एकही रेघ सरकलेली नाही.

कडेला मोजलं तर खेळ २० मिमी उरलाय. 'टक्' गेली. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. आता उरलेल्या २० साठी बॉक्सचा स्क्रू?

नटबोल्ट

आता विचारायचा हक्क तुझा. गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघ. त्यात बसत असेल तर स्क्रू विसर, बॉक्सला थोडा खेळ लागतोच. बसत नसेल तर ड्रॅग लिंक पिटमनवरून सोड, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत मोजून बरोबर निम्म्यावर आण, आणि स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी आवळ. मग मध्यातून हळू फिरवून बघ. अडल्याची जरा जरी चाहूल लागली तरी मागे.

रानवाट

मर्यादेत बसतंय. स्क्रू विसरलो.

फक्त ती ७५ ची थरथर अजून आहे. कधी असते, कधी नसते. ट्रॅक बार बसल्यावर जाईल वाटलं होतं. हाच तो कुप्रसिद्ध 'डेथ वॉबल' का?

नटबोल्ट

नाही. तो सुरू झाला की विचारायला धागा काढावा लागत नाही. खड्डा लागतो, पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी आपटायला लागतात आणि वेग बराच कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. तुझी ढिलाई तशीच राहिली असती आणि नव्या डॅम्परने झाकली असती तर एक दिवस तिथवर पोचला असतास. ठरावीक वेगाला येते आणि पुढे-मागे जाते ती थरथर चाकांच्या बॅलन्सची. शेवटचं बॅलन्सिंग कधी केलं?

रानवाट

दोन महिन्यांपूर्वी. त्यानंतर दोनदा चिखलात गेलोय.

अरे.

रानवाट

चाकं काढली. डाव्या पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी वाळलेली चिखलाची खपली, विटेसारखी कडक. उजव्यात थोडी कमी. खरवडून, धुऊन बसवली. आत्ताच ९० पर्यंत जाऊन आलो, काही नाही.

सायलेन्सर

:)

तिसरा गिअर

माझाही स्क्रू मागे घेतला. स्टिअरिंग सरळ यायला लागलं आणि खेळ परत आला. उद्या खाली झोपतो. माझ्या गाडीला पुढे लीफ स्प्रिंग आहेत, ट्रॅक बार नाहीच. मग ॲक्सल बाजूला सरकतोय का ते कुठे बघायचं?

नटबोल्ट

लीफच्या स्थिर टोकाच्या डोळ्याचं बुश आणि शॅकलची (दुसऱ्या टोकाच्या झुलत्या कडीची) दोन्ही बुशं. झोके द्यायला माणूस तेवढाच लागतो. आणि यू-बोल्ट (ॲक्सल लीफला बांधणारे). ते ढिले असले तर ॲक्सल लीफवरच सरकतो. सेंटर बोल्टभोवती पत्रा घासून चकचकीत झालाय का, ते आधी बघा.